विसाव्या दिवसाचा प्रश्न

जुलैतल्या एका मंगळवारी हमीदभाई गेले. अकोल्याच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी राजापेठेतल्या घरी बूट घालत होतो. तिने सांगितलं. मी ऐकलं. फोन ठेवला आणि बूट काढले.

आता कापूस आला आहे आणि दर्यापूरच्या रस्त्यावर बाभळी पांढऱ्या झाल्या आहेत. कापसाने फुगलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो झाडांना घासून जातात, काटे त्यातून चिमूट चिमूट कापूस ओढून घेतात, आणि दिवाळीच्या सुमाराला रस्त्याच्या दोन्ही बाजू अशा दिसू लागतात की नवख्या माणसाला वाटावं, इकडे बाभळीलाच कापूस लागतो. एसटीच्या खिडकीतून मी हे पंधरा-सोळा वर्षं पाहत आलो आहे. पहिली पांढरी बाभूळ दिसली की मनात म्हणायचं, झालं, आता चार महिने पापण्यांवर रुईचे तंतू घेऊन घरी यायचं. यंदाही ती दिसली. मी समोरच्या सीटची पाठ पाहत बसलो. तिच्यावर कोणीतरी खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं.

आमचा कारखाना लहान आहे. आलेल्या कापसातली सरकी वेगळी करायची आणि उरलेली रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या, एवढंच काम. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला जिन म्हणतात. आमच्याकडे अशा अठरा जिन ओळीने उभ्या आहेत आणि हंगामात त्यांच्यावर बहुतेक बायकाच असतात. मी कार्यालयात बसतो. हजेरी, रजा आणि कामगारांचं प्रशिक्षण माझ्याकडे. हमीदभाई मुख्य फिटर होते. माझं बी.एड. झालेलं आहे पण मी शाळेत कधी लागलो नाही, हे कळल्यापासून ते मला मास्तर म्हणायचे. पुढे सगळेच म्हणायला लागले.

हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मालकांनी मला बोलावलं. चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्याही आवाजात थोडा संकोच होता. "मास्तर, हमीदभाई तर राहिले नाही. मग यंदा ते विचारत फिरणं कोण करणार? पडद्यावर एक फिल्म दाखवू, सह्या घेऊ, एका दिवसात काम होते. सोमवारपर्यंत सांगा मले."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नसावं. बाहेर आलो तर वजनकाट्याजवळच्या कडुलिंबाखाली हमीदभाईंचं लोखंडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली ते चपटा दगड लावून तो सारखा करत. दगडही तिथेच होता.

त्या विचारत फिरण्यामागे सहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम आहे. त्या वर्षी मी कामगारांसाठी चाळीस पानांची पुस्तिका तयार केली होती. उन्हाळाभर खपून केली होती. वाचनालयातून पुस्तकं आणली, यंत्रांची चित्रं काढून घेतली, वाक्यं सोपी केली, मग आणखी सोपी केली. ती छापून आली तेव्हा मी शाईचा वास घेतल्याचं मला आठवतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटले, आणि दुपारी रुईच्या रिकाम्या गोदामात मी चार तास बोललो. समोर सतरंजीवर बायका बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या अंगात साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट. पदर आत खोचलेला, तोंडात खोबऱ्याचा तुकडा. गोदाम रिकामं असल्यामुळे माझा आवाज घुमत होता. मला तो आवडत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या चार तासांत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती. जिन अडकली तर आधी तिचा स्विच बंद करायचा, स्विचला लहानसं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात टाकायची, आणि मग हात घालायचा. अठरा जिनांच्या आवाजात आपली चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. आणि बंद जिन दिसली की येणारा जाणारा कोणीही ती भाबडेपणाने सुरू करून देतो. म्हणून कुलूप. म्हणून किल्ली खिशात.

संध्याकाळी मी लेखी परीक्षा घेतली. सगळ्या पास झाल्या. हमीदभाई मागे स्टूलवर बसून पट्टा शिवत होते. जाताना एवढंच म्हणाले, "मास्तर, आवाज चांगला हाय तुमचा."

त्यानंतर एकविसाव्या दिवशी ओला कापूस आला. अकरा नंबरची जिन अडकली. तिच्यावर सुमनबाई होती, तिशीतली, घाईची, हसरी. तिने स्विच बंद केला आणि हात घातला. कुलूप तिच्या मागे खिळ्याला लटकत होतं. पलीकडून जाणाऱ्या मुकादमाला जिन बंद दिसली. त्याने ती सुरू केली.

डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट. वरचं पेर गेलं.

दर्यापूरच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी मी उभा होतो. माझ्या पिशवीत तिचा परीक्षेचा पेपर होता. का घेऊन गेलो होतो कोण जाणे. बहुधा खात्री करून घ्यायची होती, कोणाची ते नीट सांगता येत नाही. तिच्या ठळक, सातवीतल्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'हात घालण्याआधी कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी.' बरोबर. मी लाल शाईने खूण केली होती. सुमनबाई छताकडे पाहत म्हणाली, "मले मालूम होतं वो मास्तर. त्या टायमाले याद नायी आलं."

ती तक्रार करत नव्हती. मला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली चहा पिताना मी हमीदभाईंना म्हणालो, "मी तर सगळं सांगितलं होतं."

"सांगतलं ना. तुमच्या सांगन्यात काही कमी नायी." त्यांनी बशीत चहा ओतला. "पन तुमी सांगून राहिले होते, त्या ऐकून राहिल्या होत्या. आठवून कोन राहिलं होतं?"

मी कप खाली ठेवला.

"परीक्षा कवा घेतली तुमी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"त्या दिवशी तं मले बी आलं असतं. माह्या बकरीले बी आलं असतं. इसाव्या दिवशी घ्या ना."

"विसाव्या दिवशी त्या विसरलेल्या असतात, हमीदभाई."

"मंग? तेच तं पाहाचं हाय."

मी पुस्तकांतला माणूस. शिकवणं म्हणजे इकडचं भांडं तिकडे ओतणं असंच मी धरून चाललो होतो, आणि सांडू नये एवढीच काळजी घेतली होती. या माणसाने बशीतला चहा संपवता संपवता मला सांगितलं की भरलेलं भांडं भरलेलं राहत नाही. त्याच्यातून पुन्हा पुन्हा काढावं लागतं. काढताना ज्याला जोर पडतो त्याच्याच हाती ते लागतं.

त्या हंगामाचे उरलेले दिवस आठवले की आधी थंडी आठवते. सकाळी ओळीने उभ्या गाड्यांवरच्या कापसाला दव लागलेलं असे आणि ऊन वर आलं की त्याला एक कोमट वास सुटे, नुकत्याच काढलेल्या दुलईसारखा. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. जेवणाच्या सुट्टीत भाकरीचे डबे उघडले की ठेच्याने नाकात झिणझिण्या. आणि त्या सगळ्यातून पाना हातात घेऊन हिंडणारे हमीदभाई. कोणाच्याही जिनीजवळ थांबायचे आणि विचारायचे. "ओली गाडी आली, जिन अडकली, मुकादम वरडून राहिला. पयले काय?"

पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी विचारत. मग चार दिवसांनी. मग दहा. जिला पटकन आलं तिच्याकडे उशिरा जात, जी अडखळली तिच्याकडे लवकर. मी पेन्सिलीने खुणांचा तक्ता करू लागलो. चाळीस पानांची पुस्तिका खोडत खोडत एका कागदाच्या एका बाजूवर आणली. हमीदभाईंनी तो कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "हे लय चांगलं लिवलं."

प्रश्न एकच नसे. उत्तर एकच असलं तरी प्रश्न बदलत. कधी मुकादम ओरडत असे, कधी सुट्टी व्हायला दोन मिनिटं असत, कधी शेजारीण म्हणत असे की थांब, मीच काढून देते. हे मला पुढे समजलं. अपघात काही पुस्तिकेतल्या वाक्याच्या रूपात येत नाही. तो घाईच्या, ओशाळ्या मनाच्या, भुकेच्या रूपात येतो, आणि तिथे आठवावं लागतं.

एक म्हातारी कामगार एकदा वैतागून म्हणाली, "भाई, घरवाला बी एवढं इचारत नायी."

"म्हनून तं तू त्याचं आयकत नायी," हमीदभाई म्हणाले, आणि उत्तरासाठी तिथेच उभे राहिले.

ते उभं राहणं मला जमत नसे. समोरचं माणूस अडलं की माझ्या तोंडून उत्तर निघून जाई. आयुष्यभराची खोड. हमीदभाई मग आपला तेलकट बूट माझ्या बुटावर ठेवत. दाबत नसत, नुसता ठेवत. मी गप्प होई. बाई इकडेतिकडे पाही, कपाळावरची रुई पुशी, आणि कधीतरी, मला फार लांब वाटणाऱ्या त्या वेळानंतर, म्हणे, "कुलूप." हमीदभाई आपल्या शर्टाच्या खिशावर दोन बोटं टेकवत. शाबासकी म्हणा, की पुढचा शब्द म्हणा. बाई म्हणे, "अन् किल्ली." मग ते पुढे जात.

माझे ते काळे बूट मी टाकले नाहीत. डाव्याच्या टोकावर तेलाचा डाग आहे. पॉलिश केलं की झाकतो आणि चार दिवसांनी पुन्हा दिसतो.

सुमनबाई फेब्रुवारीत परत आली. बोट आखूड, हसणं तसंच. पहिल्याच दिवशी हमीदभाई तिच्याजवळ गेले तेव्हा मला वाटलं, हिला तरी विचारू नये. त्यांनी विचारलं. डोळे भरून आले तिचे. मग तिने उत्तर दिलं, कुलूप लावून दाखवलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाली, "अजून इचारा."

पुढे ते मलाही विचारू लागले. रविवारी सकाळी फोन करत. खाली राजापेठेत शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट, माझ्या मांडीवर पुस्तक, आणि फोनवर हमीदभाई: "मास्तर, सात नंबर अडकली. पयले काय?"

"हमीदभाई, मी कार्यालयात असतो."

"हव ना. कार्यालयातल्या मानसाले हात नसते काय?"

एकदा मी गंमत म्हणून उत्तर दिलं, "पहिलं म्हणजे फिटरला बोलावणार."

"फिटर गेला समजा. मंग?"

"असं बोलू नका."

"बोलाले काय जाते. सांगा ना, काय करसान?"

मी विषय बदलला. तो प्रश्न तसाच राहिला. त्यांनी पुन्हा विचारला नाही. हेच माझ्या मनात सारखं येतं. बाकीचे सगळे प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, हा एकदाच.

मीही त्यांना काही विचारलं नाही. एका संध्याकाळी ते सांगत होते की ही सवय त्यांना अकोल्याच्या एका म्हाताऱ्या उस्तादाने लावली. ते पोरवयात त्याच्या हाताखाली होते, आणि तो उस्ताद दर शुक्रवारी नमाजेहून परतताना... इतक्यात माझी बस आली. मी म्हणालो, उद्या सांगा. तो उद्या कितीतरी वेळा आला. परतताना उस्ताद काय करायचा, ते मला माहीत नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत कागदावर उतरवणाऱ्या माणसाने तो एक प्रश्न विचारला नाही.

त्यांच्या आवाजाचे काही संदेश माझ्या फोनमध्ये आहेत. ऑगस्टमध्ये मी ते रोज ऐकत असे. पुढे लक्षात आलं की जितकं ऐकतो आहे तितकं माझं आठवणं थांबलं आहे. ऐकायला सोपं होतं. त्यात जोर लागत नव्हता. मग मी फोन बाजूला ठेवून त्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, आणि आला नाही. बसमध्ये बसून होतो, भातकुली मागे गेलं, आसेगाव आलं, तरी आला नाही. घाबरलो. चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा आवाज नाही, पण बशीत चहा ओततानाची त्यांची मान आली, थोडी उजवीकडे कललेली. मी ती धरून ठेवली. मग 'हव ना' आलं. त्यामागून बाकीचं.

मालकांच्या सोमवाराआधीचा शनिवार. जिनांच्या सफाईसाठी जुन्या बायका आल्या होत्या, त्यांच्याबरोबर काही नव्याही. मी उत्तर लिहायला बसलो होतो आणि कागदावर काही उमटत नव्हतं. पद्धत कागदावर होती, तक्ता होता, प्रश्नांची यादीही होती. पण जो उभा राहायचा तो माणूस नव्हता, आणि त्याच्याशिवाय ते सगळं म्हणजे पुन्हा एक पुस्तिका. फिल्म दाखवावी, असं मी जवळजवळ लिहून टाकलं होतं.

खिडकीबाहेर सुमनबाईचा आवाज आला. तिवशाकडून आलेल्या एका नव्या बाईला ती विचारत होती, "पाच मिंटात सुट्टी हाय. तुही जिन अडकली. घरी लेकरू रडून राहिलं. पयले काय?"

नवी बाई म्हणाली, "काढून घीन ना पटकन."

सुमनबाई ब्रश हातात धरून उभी राहिली. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी खाली पाहिलं, माझ्या बुटाकडे, आणि थांबलो. कडुलिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

"थे कुलूप," नवी म्हणाली.

सुमनबाईने दोन बोटं शर्टाच्या खिशावर टेकवली. त्या हाताचं तिसरं बोट आखूड होतं.

"अन् किल्ली," नवी म्हणाली.

मी बाहेर गेलो. "सुमनबाई, हे तुला कोणी करायला सांगितलं?"

"भाईनं. मागच्या साली आमाले एकेकीले एक एक नवी देल्ली होती. म्हने, इचारते तिच्या जास्त ध्यानात रायते. माही नवी पक्की केली मी, अन् वरून आनखी एक."

"मला कसं माहीत नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला दवाखान्यातली ती खाट आठवली. तेव्हाही तिने मला असंच समजावलं होतं.

"तुमी इचारलं नायी न मास्तर."

फिटर गेला समजा, मग? त्यांनी मला ते विचारलं तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही नव्हतं. मी विषय बदलून मोकळा झालो. ते झाले नाहीत. त्यांनी उत्तर तयार करून ठेवलं, अठरा जणींमध्ये वाटून ठेवलं, आणि मला सांगितलं नाही. सांगितलेलं माझ्याजवळ किती दिवस टिकतं, ते त्यांना माहीत होतं.

सोमवारी मी मालकांना म्हणालो, फिल्म अवश्य दाखवा. पण चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, विसाव्या दिवशी जुन्या बायका नव्यांना विचारतील, आणि त्यासाठी सुमनबाईला रोज अर्धा तास मोकळा द्यावा लागेल.

"तिलेच काहून?" त्यांनी विचारलं.

मी तिचा पेपर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, लाल खूण पाहिली. "बरं," ते म्हणाले.

आज हंगामाचा विसावा दिवस. येताना बसमधून बाभळी पाहिल्या, दोन्ही बाजूंच्या. दुपारी सुमनबाई ओळीने अठरा जिनांपाशी थांबत गेली. शेवटी माझ्या टेबलाशी आली आणि मलाही विचारलं. मला जरा वेळ लागला. ती थांबली. मग मला आलं.

रविवारी फोन वाजत नाही. उस्ताद परतताना काय करायचा, ते मला कळणार नाही. कडुलिंबाखाली हमीदभाईंचं स्टूल आहे, आखूड पायाखाली दगड आहे, आणि चहाच्या सुट्टीत त्यावर सुमनबाई बसते.